ओतीव वस्तूत पुन्हा पुन्हा पडणारी छिद्रे: कारण कसे ओळखावे आणि कसे दूर करावे

घरच्या छोट्या भट्टीवर पाव-अर्धा किलो अ‍ॅल्युमिनियम, थोडे पितळ किंवा काही ग्रॅम चांदी वितळवून वस्तू ओतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक दोष सतावतो. साच्यातून निघालेली वस्तू वरवर ठीक दिसते, परंतु कानस फिरवली, भोक पाडले किंवा चकाकी देण्यासाठी पृष्ठभाग घासला की आतली बारीक छिद्रे उघडी पडतात. पुढच्या वेळी अधिक काळजी घेतली तरी ती कधी कमी, कधी जास्त, पण येतातच. रस, म्हणजे वितळलेला धातू, पुरेसा तापला नसावा असे समजून बहुतेक जण भट्टी आणखी वाढवतात आणि मूस, म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे, आणखी वेळ आत ठेवतात. छिद्रांवर केला जाणारा हा सर्वांत सामान्य उपाय आहे आणि बहुतेक वेळा तोच दोष वाढवतो.

छिद्रे हा एकच दोष नसतो. रसात विरघळलेला वायू, गोठताना धातूचे होणारे आकुंचन, साच्यातली ओल आणि ओतताना रसात गुंडाळली जाणारी हवा अशी निदान चार वेगवेगळी कारणे एकाच नावाखाली वावरतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, काही वेळा तर तो थेट उलटा पडतो. म्हणून आधी निदान करावे आणि मग उपाय करावा, हा क्रम या कामात अत्यावश्यक आहे.

फसलेली वस्तू आधी कापून पाहावी

बिघडलेली वस्तू लगेच मुशीत परत टाकण्याचा मोह आवरावा, कारण कारणाचा पुरावा तिच्यातच असतो. वस्तू सर्वांत जाड भागातून आणि ओतनळी, म्हणजे रस साच्यात नेणारी वाट, जिथे जोडली होती त्या जागेतून करवतीने कापावी. कापलेली बाजू आधी कानसेने सपाट करावी, नंतर क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर पाण्यासह घासावी आणि भिंगाखाली पाहावी. मऊ धातू घासताना छिद्रांच्या कडा लोळून तोंडे बुजतात, त्यामुळे शेवटी हलक्या हाताने घासणे महत्त्वाचे आहे. जोर लावून घासलेला तुकडा सच्छिद्र असूनही भरीव दिसू शकतो.

मग दोन गोष्टी पाहाव्यात: पोकळीचा आकार आणि तिची जागा. गोल, गुळगुळीत भिंतींची, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे संपूर्ण छेदात कमी-अधिक सारखी विखुरलेली असतील, तर रसात वायू विरघळलेला होता. पोकळी वेडीवाकडी, खरखरीत, आतून स्फटिकांची टोके दिसणारी असेल आणि ती जाड भागात किंवा ओतनळीच्या मुळाशी असेल, तर ते आकुंचन आहे. मोठ्या, गुळगुळीत, बऱ्याचदा एका बाजूला पृष्ठभागाच्या लगेच खाली असलेल्या पोकळ्या साच्यातून आलेल्या वाफेच्या किंवा वायूच्या असतात. केसासारख्या रेषा, घड्या किंवा दुमडलेले काळपट पापुद्रे दिसले, तर ओतताना रस उसळून त्याची ऑक्साईडची कातडी आत गेली आहे. प्रत्यक्षात दोन कारणे एकत्र असणे फार सामान्य आहे. विशेषतः आकुंचनाच्या जागी विरघळलेला वायूही जमा होतो आणि मग पोकळीचा काही भाग खरखरीत, काही गुळगुळीत दिसतो. अशा वेळी जे चिन्ह अधिक ठळक आहे त्याच्यावर प्रथम काम करावे.

अ‍ॅल्युमिनियम आणि हायड्रोजन

घरगुती ओतकामात अ‍ॅल्युमिनियम सर्वाधिक वापरले जाते आणि बारीक गोल छिद्रांची तक्रारही त्याच्याच बाबतीत सर्वाधिक असते. याचे मूळ हायड्रोजनमध्ये आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला १०० ग्रॅम द्रव अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ०.६९ घन सेंटिमीटर हायड्रोजन विरघळू शकतो, पण तेच अ‍ॅल्युमिनियम गोठले की त्यात जेमतेम ०.०३६ घन सेंटिमीटर मावतो. म्हणजे गोठण्याच्या क्षणी विद्राव्यता जवळपास वीसपटीने कोसळते. जास्तीचा वायू बाहेर पडू पाहतो, पण भोवतीचा धातू घट्ट होत असल्यामुळे तो जागच्या जागी बुडबुडा होऊन अडकतो.

आणखी तापवणे घातक का, हेही याच आकड्यांतून कळते. तापमान वाढते तशी द्रवातली विद्राव्यता वाढते. ७०० अंशांना जितका हायड्रोजन मावतो, त्याच्या जवळपास दुप्पट ८०० अंशांना मावतो. मूस लालभडक होईपर्यंत तापवलेल्या आणि मग अर्धा तास तशीच ठेवलेल्या रसाला वायू शोषायला भरपूर वाव आणि भरपूर वेळ मिळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक ओतीव मिश्रधातूंना ७०० ते ७५० अंशांदरम्यान ओतणे पुरेसे असते, त्यातही जाड वस्तूंसाठी खालची बाजू आणि पातळ भिंतींसाठी वरची बाजू योग्य. हे अंदाजाने साधत नाही, कारण या तापमानाला अ‍ॅल्युमिनियमच्या रसाचा रंग उजेडात जवळजवळ चांदीसारखाच राहतो आणि डोळा फसतो. के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमान टिपणारी तारांची जोडी, आणि त्याचे साधे मापक यंत्र ही छिद्रांविरुद्धची सर्वांत उपयोगी खरेदी आहे, असे माझे ठाम मत आहे. भट्टी मोठी करण्याआधी ती करावी.

हा हायड्रोजन येतो पाण्यातून. तप्त अ‍ॅल्युमिनियम पाण्याची वाफ फोडून त्यातला ऑक्सिजन ऑक्साईडच्या रूपाने घेते आणि हायड्रोजन सुटा करते, त्यातला काही रसात शिरतो. म्हणून प्रश्न असा विचारावा की रसापर्यंत पाणी कोणकोणत्या वाटांनी पोहोचते. पहिली वाट म्हणजे भंगार: तेल, रंग, प्लास्टिकचा थर, ओलावा आणि पांढरट गंज हे सर्व हायड्रोजनचे साठे आहेत. दुसरी वाट मुशीची आहे. ग्राफाइटची किंवा माती-ग्राफाइटची मूस हवेतला दमटपणा शोषते, त्यामुळे बरेच दिवस पडून असलेली मूस थेट पूर्ण आचेवर न ठेवता आधी २०० अंशांच्या थोडे वर हळूहळू नेऊन तासभर तापू द्यावी. तिसरी वाट गंजलेल्या लोखंडी पळीची आणि ढवळण्याच्या सळईची, कारण गंजातही पाणी बांधलेले असते. चौथी वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही: गॅसची ज्योत स्वतःच पाणी तयार करते. प्रोपेनचा एक रेणू जळला की पाण्याचे चार रेणू तयार होतात. ज्योत मुशीच्या तोंडावरून थेट रसावर जात असेल, तर रस वाफेच्या झोतातच उभा असतो. बर्नर भट्टीच्या भिंतीला स्पर्शरेषेत लावून ज्योत मुशीभोवती फिरेल अशी रचना करावी आणि मुशीच्या तोंडावर कोरडे झाकण ठेवावे. विजेच्या भट्टीत हा त्रास मुळातच कमी असतो.

शोषलेला वायू काढण्यासाठी कारखान्यांत कोरडा आर्गॉन किंवा नायट्रोजन ग्राफाइटच्या नळीतून रसात बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. ज्यांच्याकडे वेल्डिंगचा आर्गॉन आहे, त्यांना एक-दोन किलोच्या मुशीत हे करता येते, परंतु नळी पूर्ण कोरडी व आधी तापवलेली हवी आणि प्रवाह इतकाच हवा की पृष्ठभाग जेमतेम हलेल. रस उकळल्यासारखा उसळला तर वायू निघण्याऐवजी ऑक्साईड आत जाईल. क्लोरिन सोडणाऱ्या गोळ्या, विशेषतः पोहण्याच्या तलावात वापरायच्या गोळ्या रसात बुडवण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो पाळू नये. त्यातून निघणारे वायू फुप्फुसांना गंभीर इजा करतात आणि घरच्या जागेत त्यांच्यापासून बचाव करणे शक्य नसते.

ज्यांच्याकडे आर्गॉन नाही, त्यांनी काम दोन टप्प्यांत करावे. पहिल्या वितळणीत फक्त भंगार वितळवावे, मळ काढावा आणि रस कोरड्या, तापवलेल्या लोखंडी साच्यात ओतून लहान विटा कराव्यात. दुसऱ्या वेळी केवळ या स्वच्छ विटा झपाट्याने वितळवून वस्तू ओतावी. पहिल्या गोठण्यात वायूचा काही भाग निघून जातो, रंग, तेल आणि कचरा आधीच जळून गेलेला असतो आणि दुसरी वितळणी लहान राहते. वीट करण्याऐवजी रस मुशीतच गोठू देऊ नये, कारण पुन्हा तापवताना आतला धातू मुशीपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि मूस तडकू शकते.

रसावरचा ऑक्साईडचा पापुद्रा हा काही प्रमाणात संरक्षकच असतो, म्हणून तो वारंवार काढू नये. ओतण्यापूर्वी एकदाच, हलक्या हाताने बाजूला सारावा. साधे मीठ आणि पोटॅशियम क्लोराईड यांचे समभाग मिश्रण सुमारे ६६० अंशांना वितळून रसावर आच्छादन धरते आणि मळ सुटा करते. मात्र ही मिठे हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे आधी नीट भाजून कोरडी न केल्यास ज्या पाण्यापासून बचाव करायचा तेच आपण हाताने रसात टाकतो.

धातूची निवडही येथे बोलते. पेयांचे पातळ डबे वितळवायला सोपे वाटतात, पण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, आतून-बाहेरून थर दिलेले असतात आणि हाती रसाच्या तुलनेत मळच फार येतो. दारे-खिडक्यांच्या चौकटींचे अ‍ॅल्युमिनियम दाबून घडवण्यासाठी असते आणि ते साच्यात नीट भरत नाही. जुने पिस्टन किंवा इंजिनांचे ओतीव भाग यांच्या मिश्रधातूत सिलिकॉन बरेच असते. सुमारे १२.६ टक्के सिलिकॉनचे मिश्रण ५७७ अंशांनाच वितळते, पातळ वाहते आणि कमी आकुंचन पावते. ओतीव भागाचा तुकडा ओतकामासाठी घेणे हे निम्मे छिद्र-निवारण आहे. मात्र मॅग्नेशियमचे भाग दिसायला अ‍ॅल्युमिनियमसारखेच आणि अधिक हलके असतात. शंका असेल तो तुकडा मुशीत टाकूच नये, कारण मॅग्नेशियम पेटल्यास पाण्याने आग भडकते आणि कार्बन डायऑक्साईडचे अग्निशामकही तेथे चालत नाही.

जाड भागातली खरखरीत पोकळी

छेदात वेडीवाकडी पोकळी दिसली, तर वायूचे सर्व उपाय बाजूला ठेवावेत. येथे गोठताना लागणारा जादा रस मिळाला नाही, एवढेच घडलेले असते. अ‍ॅल्युमिनियम द्रवाचे घन होताना घनफळात सुमारे साडेसहा टक्क्यांनी आकसते. वस्तूचा पातळ भाग आधी गोठतो, तो आपली तूट शेजारच्या अजून द्रव असलेल्या जाड भागातून भरून घेतो आणि सर्वांत शेवटी गोठणाऱ्या जागेला भरून देणारे कोणीच उरत नाही. पोकळी नेमकी तेथेच राहते. ती नाहीशी करता येत नाही, पण तिची जागा बदलता येते. वस्तूपेक्षा उशिरा गोठणारा धातूचा साठा, म्हणजेच रायझर, तिला जोडला की पोकळी रायझरमध्ये जाते आणि तो आपण कापून टाकतो.

रायझर किती मोठा हवा याचे उत्तर निकोलस ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेल्या नियमातून मिळते. गोठण्यास लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटर बाजूचा घन घेऊ. त्याचे घनफळ ८००० घन मिलिमीटर, पृष्ठफळ २४०० चौरस मिलिमीटर, म्हणून गुणोत्तर ३.३३ मिलिमीटर. रायझरचे गुणोत्तर वस्तूच्या साधारण १.२ पट ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे येथे ४ मिलिमीटर. जितका व्यास तितकीच उंची असलेल्या वर्तुळचितीचे हे गुणोत्तर व्यासाच्या एक षष्ठांश असते, म्हणून २४ मिलिमीटर व्यासाचा व तितक्याच उंचीचा रायझर हवा. त्याचे घनफळ सुमारे १०,८६० घन मिलिमीटर भरते, म्हणजे तो वस्तूपेक्षाही मोठा होतो. नवख्या माणसाला हा अपव्यय वाटतो आणि तो पेन्सिलएवढी ओतनळी ठेवून काम भागवू पाहतो. पेन्सिलएवढी ओतनळी वस्तूच्या कितीतरी आधी गोठते आणि त्यानंतर वरच्या कपात कितीही रस असला तरी तो खाली उतरू शकत नाही. ओतनळीच्या मुळाशीच पोकळी सापडण्याचे कारण बहुधा हेच असते.

रायझर सर्वांत जाड भागाला, शक्य तितका जवळ आणि शक्यतो वर जोडावा. त्याला वस्तूशी जोडणारी मान आखूड आणि पुरेशी जाड हवी. रायझरचा वरचा पृष्ठभाग कोरड्या सिरॅमिक लोकरीच्या तुकड्याने झाकला तर तो आणखी उशिरा गोठतो. वस्तूच्या आरेखनातही बदल करता येतो: एकाएकी जाड होणारे भाग टाळावेत, आतल्या कोनांना गोलाई द्यावी आणि जाडी रायझरकडे हळूहळू वाढत जाईल असे पाहावे. एकाच वस्तूत दोन जाड भाग पातळ पट्टीने जोडलेले असतील, तर एक रायझर दोघांना पुरत नाही, दोन लागतात. वाळूच्या साच्यात जाड भागाशेजारी धातूचा कोरडा, तापवलेला ठोकळा बसवून तो भाग लवकर गोठवणे हाही जुना उपाय आहे. थंड ठोकळ्यावर ओल धरते आणि एका पोकळीऐवजी दुसरी पदरात पडते.

तापमान येथेही महत्त्वाचे आहे. रस जितका गरजेपेक्षा तप्त, तितके एकूण आकुंचन अधिक.

साच्यातली ओल

पृष्ठभागालगतच्या मोठ्या, गुळगुळीत पोकळ्या साच्याकडे बोट दाखवतात. हा भाग केवळ दर्जाचा नाही, सुरक्षेचा आहे. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती १०० अंशांना सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. ही वाफ रसाखाली कोंडली गेली तर रस बाहेर उडतो. म्हणून ओतताना चेहरा पूर्ण झाकणारे कवच, चामडी हातमोजे, चामड्याचे बंद बूट आणि सुती किंवा चामडी कपडे असावेत. साचा उघड्या काँक्रीटवर ठेवू नये, कारण काँक्रीटमध्येही पाणी असते आणि सांडलेल्या रसाने ते फुटून उडते. कोरड्या वाळूच्या जाड थरावर काम करावे.

पाण्याने बांधलेल्या मातीमिश्रित वाळूत तीन ते चार टक्के ओल पुरेशी असते. मूठ घट्ट आवळल्यावर गोळा बनावा, त्यावर बोटांच्या खुणा स्पष्ट उमटाव्यात, तो मोडला की कडा स्वच्छ राहाव्यात आणि तळहात ओला लागू नये. वाळू फार ठासली तरी वायूला बाहेर जायला वाट राहत नाही. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या तारेने साच्याच्या वरच्या अर्ध्यात ठिकठिकाणी भोके पाडावीत, पण तार पोकळीच्या काही मिलिमीटर अलीकडेच थांबवावी. तेलाने बांधलेल्या वाळूत पाण्याचा प्रश्न नसतो, मात्र तिचा धूर बराच होतो आणि ती उघड्या, वाऱ्याच्या जागीच वापरावी.

प्लास्टरचा साचा मात्र फसवा असतो. घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये वजनाच्या जवळपास २१ टक्के पाणी स्फटिकांत बांधलेले असते आणि हाताला कोरडा लागणारा साचाही हे सर्व पाणी बाळगून असतो. उन्हात वाळवून ते जात नाही. साचा २०० अंशांच्या वर नेऊन, त्याच्या गाभ्यालाही ते तापमान मिळेल इतका वेळ ठेवावा लागतो. किती वेळ, याचा अंदाज बांधण्याऐवजी साच्याचे वजन करावे. तासातासाने वजन घेत राहावे आणि दोन लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा झाला की साचा कोरडा समजावा. नुसते प्लास्टर या तापमानाला तडकते, म्हणून त्यात सिलिकाचे पीठ मिसळतात. ते मिसळताना श्वासमुखवटा आवश्यक आहे, कारण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. मेण जाळून काढण्याच्या दागिन्यांच्या साच्यांत साधारण ७३० अंशांपर्यंत जातात. त्यापलीकडे, विशेषतः मेणाचा कोळसा आत शिल्लक असताना, कॅल्शियम सल्फेट फुटून सल्फर डायऑक्साईड निघू लागतो आणि चांदीत छिद्रे पाडतो. अन्न शिजवण्याची भट्टी यातल्या कशासाठीही वापरू नये.

लोखंडी साचा तापवताना सुरुवातीला ज्योतीतलीच वाफ त्याच्या थंड अंगावर दव होऊन बसते. ते दव उडाले म्हणजे साचा कोरडा झाला असे नाही. सांध्यांतली आणि गंजातली ओल जाण्यासाठी तो १५० अंशांच्या बराच वर न्यावा.

ओतण्याची रीत

द्रव अ‍ॅल्युमिनियमचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरपेक्षा वाढला की त्याचा पृष्ठभाग दुमडू लागतो. दोन पापुद्रे समोरासमोर येऊन आत गाडले जातात, मध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि पुढे हायड्रोजनही त्याच जागी जमतो. हा वेग गाठायला रसाला फक्त १३ मिलिमीटर पडावे लागते. दहा सेंटिमीटरवरून सोडलेली धार सेकंदाला १.४ मीटर वेगाने आदळते. त्यामुळे पडणे पूर्ण टाळता येत नसले तरी त्याचा परिणाम वस्तूपर्यंत पोहोचू न देणे शक्य आहे. मुशीचे तोंड ओतण्याच्या कपाला जवळजवळ टेकवावे, कप शेवटपर्यंत भरलेला ठेवावा आणि धार मध्येच तोडू नये. ओतनळी खाली निमुळती होत जाणारी असावी, कारण पडणारी धार स्वतःच बारीक होते आणि सरळ नळीत तिच्याभोवती हवा ओढली जाते. रस वस्तूत वरून न पाडता खालून आत शिरेल आणि शांतपणे वर चढेल अशी वाट काढावी. आडव्या वाटेत सिरॅमिक फोमच्या गाळणीचा तुकडा बसवला तर वेगही मोडतो आणि पापुद्रेही अडतात.

तांबे, पितळ, चांदी आणि कथील

वरचे बरेच काही सर्व धातूंना लागू आहे, पण वायूच्या बाबतीत प्रत्येकाची प्रकृती निराळी आहे. कथील आणि जस्त यांत हायड्रोजनचा त्रास जवळपास नसतो. त्यांच्या वस्तूत छिद्रे आली तर साचा, आकुंचन किंवा ओतण्याची रीत यांकडेच पाहावे.

तांबे १०८५ अंशांना वितळते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन दोन्ही शोषते. गोठताना हे दोन्ही एकत्र येऊन वाफ बनते व वस्तू फुगते. ज्योत किंचित ऑक्सिजन-प्रधान ठेवून झपाट्याने वितळवावे, म्हणजे हायड्रोजन दूर राहतो, आणि ओतण्याच्या जरा आधी १५ टक्के फॉस्फरस असलेला तांबे-फॉस्फरस मिश्रधातू किलोमागे एक ते दोन ग्रॅम टाकून ऑक्सिजन बांधून घ्यावा.

पितळाची गोष्ट उलटी आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि नेहमीचे पिवळे पितळ जवळपास त्याच तापमानाच्या आसपास वितळते, त्यामुळे सुटणारी जस्ताची वाफ हायड्रोजनला स्वतःच बाहेर काढते. पितळात गोल छिद्रांपेक्षा आकुंचन आणि ऑक्साईडच्या घड्या अधिक सापडतात. पांढरा धूर निघू लागणे म्हणजे जस्त जळून जात आहे. हा धूर हुंगल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून, काचेच्या भुग्याचे किंवा टाकणखाराचे आच्छादन देऊन आणि कमीत कमी तापवून पितळ ओतावे.

वितळलेली चांदी आपल्या घनफळाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो इतक्या जोराने सोडते की पृष्ठभागावर फोड येऊन थेंब उडतात. ग्राफाइटची मूस, थोडा टाकणखार, रसावर कोरड्या कोळशाचा तुकडा आणि ओतेपर्यंत पृष्ठभागावर राखलेली मऊ, गॅस-प्रधान ज्योत यांनी हा त्रास बव्हंशी थांबतो.

ओतण्यापूर्वीची आणि नंतरची चाचणी

साचा भरण्याआधी रसाची परीक्षा घेता येते. कोरड्या, तापवलेल्या छोट्या सिरॅमिक वाटीत चमचाभर रस ओतून तो हलवू न देता गोठू द्यावा. वरचा भाग मध्ये खचला तर वायू कमी आहे. तो सपाट राहिला, वर फुगला किंवा त्यातून बुडबुडे निघाले तर रस ओतण्यायोग्य नाही. अशा वेळी आच वाढवू नये, रस विटांच्या साच्यात रिकामा करावा.

तयार वस्तूची घनता मोजणे हे त्याहून नेमके आहे. वस्तू हवेत तोलावी, मग बारीक दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलावी. हवेतले वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक म्हणजे घनता. हवेत ८१ ग्रॅम आणि पाण्यात ५१ ग्रॅम भरणाऱ्या तुकड्याची घनता २.७०, म्हणजे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमइतकी येते. हवेतले वजन तेच राहून पाण्यातले ५० ग्रॅम भरले तर ती २.६१ होते आणि आत तीन टक्क्यांहून अधिक पोकळी आहे असे समजते. मिश्रधातूची नेमकी घनता माहीत नसते, म्हणून त्याच रसातला भरीव निघालेला तुकडा तुलनेसाठी जपून ठेवावा. पृष्ठभागाला तोंड असलेल्या छिद्रांत पाणी शिरते आणि आकडा चांगला दिसतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि रसाचे तापमान, वितळण्याचा काळ, साच्याची स्थिती व घनता यांची नोंद ठेवावी. कोणते चिन्ह ठळक आहे हे ठरतच नसेल, तर आधी थर्मोकपल लावून तापमान खाली आणावे, नंतर साचा व हत्यारे कोरडी करावीत, मग रायझर वाढवावा आणि शेवटी ओतनळीची रचना बदलावी. हा क्रम सोपेपणाचा आहे.

छिद्रे सापडलेली प्रत्येक वस्तू टाकाऊ नसते. शोभेच्या वस्तूतली, आत बंद राहिलेली बारीक छिद्रे चालतात. दाब, ताण किंवा वेगाने फिरणे सोसायचे असलेला भाग मात्र वापरू नये. तो कापून, तेल व पॉलिश पेपरची पूड धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वितळवावा. उघड्या छिद्रांत धुण्याचे पाणी अडकून राहते, म्हणून असे तुकडे रिकाम्या मुशीत तळाशी ठेवून तिच्याबरोबरच हळूहळू तापवावेत. आधीच वितळलेल्या रसात टाकायचे असतील, तर भट्टीच्या झाकणावर किंवा कडेला १५० अंशांच्या बराच वर, गाभ्यापर्यंत तापल्यावरच लांब चिमट्याने एकेक करून सोडावेत.